बंक बेड घ्यायचा का? आधी टेप काढा, मग ठरवा

मुलांच्या खोलीत जागा कमी पडायला लागली की बंक बेडचा विषय निघतोच. मुलं एका पायावर तयार असतात, फक्त वर कोण झोपणार यावरून भांडण. मोठी माणसं दुकानात जाऊन पलंगाचा खांब धरून हलवून बघतात, 'मजबूत आहे' म्हणतात आणि पैसे भरून मोकळी होतात. आमच्या घरी दोन्ही मुलांसाठी हा निर्णय घेताना मी बरंच वाचलं आणि मोजलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: मजबुतीचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नाही. मुलं दुखावतात ती बहुतेक वेळा पडून. आणि सगळ्यात वाईट अपघात होतात ते एखाद्या फटीत मान अडकून किंवा पलंगाला बांधलेल्या दोरीचा फास लागून. पलंग कितीही भक्कम असला तरी हे घडू शकतं. म्हणून तपासणीचा क्रम बदला: आधी मूल, मग खोली, आणि पलंग शेवटी.

बंक बेड म्हणजे एकावर एक दोन पलंग. लॉफ्ट बेड म्हणजे वर पलंग आणि खाली टेबल, कपाट किंवा मोकळी जागा. सुरक्षिततेचा विचार करताना दोघांत फारसा फरक नाही. अमेरिकेच्या नियमांत पलंगाच्या तळाची खालची बाजू जमिनीपासून ३० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ७६ सेंमीपेक्षा, उंच असली की त्याला बंक बेडचेच नियम लागतात. युरोपचं ईएन ७४७ हे मानक तर ६० सेंमी उंचीपासूनच लागू होतं. तेव्हा 'आमचा काही तेवढा उंच नाही' असं म्हणण्याआधी उंची मोजा.

हाताशी काय हवं

- धातूची मोजपट्टी (कापडी टेप ताणला जातो, नको)
- वही आणि पेन्सिल
- जाड पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा एक ठोकळा, समोरची बाजू ८.९ × १५.७ सेंमी (कशासाठी ते पायरी ४ मध्ये)
- पलंग समतल आहे का ते बघायला स्पिरिट लेव्हल, मोबाइलमधलंही चालतं
- कागदपत्रं: जोडणीची पुस्तिका, पलंगावरच्या सूचनांच्या स्टिकरचा फोटो, मॉडेल क्रमांक, निर्मितीची तारीख, बिल
- जी गादी टाकणार तिची जाडी. अंदाजाने नको, मोजून.

१. आधी मूल बघा

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये, हे अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे पलंगावर लेबल लावून सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियातली ग्राहक सुरक्षा यंत्रणा त्याही पुढे जाऊन नऊ वर्षांपर्यंत थांबा म्हणते. अमेरिकेतल्या १९९० ते २००५ या काळातल्या आकडेवारीचा एक अभ्यास 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आला होता. त्यानुसार बंक बेडमुळे दुखापत होऊन दरवर्षी सरासरी ३६ हजारांच्या आसपास मुलं आणि तरुण तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात आले. जवळपास तीन चतुर्थांश दुखापती पडल्यामुळे झालेल्या होत्या, आणि जखमींपैकी निम्मी मुलं सहा वर्षांच्या आतली होती. त्यातली आणखी एक नोंद मला विशेष वाटली: १८ ते २१ वयोगटातही दुखापतींचं प्रमाण पुन्हा वर जातं. वसतिगृहांतली मोठी मुलंही वरून पडतातच.

सहाच का? या वयाखालच्या मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. पाय, कंबर, छाती एखाद्या फटीतून सरकून जातात आणि डोकं अडकतं. शिवाय अर्धवट झोपेत तोल सांभाळणं, अंधारात पायाने पायरी शोधणं, हे कौशल्य अजून आलेलं नसतं.

पण सहावा वाढदिवस झाला की मूल तयार झालं, असंही नाही. माझ्या मते सहा ही किमान अट आहे. त्यापुढे हे प्रश्न स्वतःला विचारा:

- मूल झोपेत चालतं का? घाबरून किंचाळत उठतं का?
- रात्री लघवीला उठावं लागतं का?
- फिट्स येण्याचा त्रास आहे का? गुंगी आणणारं औषध चालू आहे का? असेल तर वर झोपवायचा विषय डॉक्टरांशी बोलेपर्यंत बंद.
- 'इथून उडी मारायची नाही' असं सांगितलं तर ऐकतं का, की तुमची पाठ वळली की मारतंच?

एक सोपी चाचणी सांगते. रात्री बारा-एकच्या सुमारास मुलाला हलकेच उठवा आणि बाथरूमपर्यंत चालत जायला सांगा. कुणी नीट चालत जातं, कुणी दाराच्या चौकटीला धडकतं. जे धडकतं त्याने वरून शिडी उतरावी अशी अपेक्षा तुम्ही करणार आहात का?

आणि घरात धाकटं भावंड असेल तर त्याचाही विचार करा. वर झोपणारं मूल दहा वर्षांचं असेल, पण दुपारी चढणारं तीन वर्षांचं असतं. अशा घरात काढून ठेवता येणारी शिडीच हवी, आणि ती दिवसा खरोखर काढून ठेवणारं माणूसही हवं.

२. खोली मोजा

वरच्या गादीच्या पृष्ठभागापासून छतापर्यंत किमान ७५ ते ९० सेंमी मोकळी जागा हवी. तुमच्या मुलाचा हिशोब काढायचा तर त्याला जमिनीवर ताठ बसवा, भिंतीला पाठ लावा, डोक्यापर्यंतची उंची मोजा आणि त्यात हातभर नाही तरी वीतभर जागा धरा. मूल वाढणार आहे, हे विसरू नका. पलंग पाच-सात वर्षं वापरायचा असतो.

मग पंखा. छताचा पंखा पलंगाच्या वर किंवा जवळ असेल तर पलंगाची जागा बदला. हे मोजताना मूल झोपलेलं आहे असं धरू नका. ते वर उभं राहून, हात पसरून, उशी फेकत आहे असं धरा, कारण तेच होणार आहे. लटकते दिवेही याच नियमात बसतात.

खिडकीला लागून बंक बेड नको. खिडकीचा कठडा खालून पुरेसा उंच वाटतो, वरच्या पलंगावरून तो मुलाच्या गुडघ्याखाली येतो. पडद्यांच्या किंवा ब्लाइंड्सच्या दोऱ्या वरच्या पलंगापर्यंत पोचत असतील तर त्या वेगळाच धोका आहेत. दोरीच्या फासाबद्दल पायरी ७ बघा.

दोन भिंतींच्या कोपऱ्यात पलंग बसला तर उत्तम. ज्या बाजूने पडण्याची शक्यता आहे त्या बाजूला टेबलाचा कोपरा, खेळण्यांची टोकदार पेटी, काचेचं काही ठेवू नका.

३. कठडा आणि गादी एकत्र मोजा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. दुकानात पलंग रिकामा किंवा पातळ गादी टाकून ठेवलेला असतो, कठडा छान उंच दिसतो. घरी आल्यावर 'मुलाची पाठ दुखू नये' म्हणून जाड गादी येते आणि कठडा नावापुरता उरतो.

हिशोब साधा आहे. गादीखालच्या पट्ट्यांपासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत समजा ३० सेंमी आहे. १२ सेंमीची गादी टाकली तर वर १८ सेंमी कठडा उरतो. २० सेंमीची टाकली तर १० सेंमी, म्हणजे झोपेत कुशीवर वळणाऱ्या मुलाला तो अडवेलच असं नाही. अमेरिकेचा नियम गादीच्या वर किमान ५ इंच, म्हणजे १२.७ सेंमी, कठडा मागतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियातली मानकं १६ सेंमी मागतात. मी १६ धरायला सांगेन. वर एखादं मऊ आच्छादन किंवा दुहेरी दुलई अंथरायची सवय असेल तर तीही मोजात धरा.

चांगल्या पलंगावर गादीची जास्तीत जास्त उंची दाखवणारी खूण असते. गादी त्या खुणेच्या वर जाता कामा नये. लांबी-रुंदीही जुळली पाहिजे. गादी आखूड असेल तर डोक्याशी किंवा पायाशी फट पडते आणि मूल त्यात सरकू शकतं.

कठडा दोन्ही लांब बाजूंना हवा, भिंतीच्या बाजूलासुद्धा. इथे घरातली मंडळी हमखास म्हणतात, 'भिंत आहे की, तिकडे कठडा कशाला?' पलंग हळूहळू भिंतीपासून सरकतो. मुलं वर चढतात, उतरतात, लोळतात, आणि काही दिवसांत भिंत आणि गादी यांच्यात फट तयार होते. झोपेत मूल त्या फटीत उतरलं तर छाती आवळली जाते. म्हणूनच अमेरिकी नियमात भिंतीकडचा कठडा सलग असावा लागतो. शिडीच्या बाजूला मात्र चढायला मोकळी जागा चालते, ती सुमारे ३८ ते ४० सेंमीपेक्षा रुंद नको.

कठडा नुसता अडकवलेला आहे की स्क्रू-बोल्टने कसलेला, तेही बघा. हाताने वर उचलून सहज निघत असेल तर तो कठडा नव्हे.

४. फटी तपासा

ही पायरी घाईत उरकू नका. बंक बेडच्या नियमांमध्ये सर्वाधिक बारकावे याच विषयाचे आहेत, आणि विकणारा माणूस याबद्दल क्वचितच बोलतो.

धोका असा घडतो: मूल पाय पुढे करून फटीतून घसरतं. पाय गेले, कंबर गेली, छाती गेली. डोकं अडकलं. आता पूर्ण शरीराचं वजन मानेवर आहे आणि पायाखाली काही नाही. आवाजही होत नाही.

त्यामुळे वरच्या पलंगाच्या बाबतीत नियम असा, की लहान मुलाचं धडच आत जाता कामा नये. त्यासाठी वर सांगितलेला ८.९ × १५.७ सेंमीचा ठोकळा. अमेरिकी चाचणीत याच मापाचा निमुळता ठोकळा फटींमध्ये जोर लावून ढकलतात. घरी तुम्ही कठड्याच्या आडव्या पट्ट्यांमधली जागा, कठडा आणि गादी यांच्यातली जागा, डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फळीतली जागा, आणि तळाच्या पट्ट्यांमधली जागा, सगळीकडे तो आडवा, उभा, तिरका घालून बघा. कुठेही पार गेला तर तो पलंग नको. युरोपात ही मर्यादा आणखी कडक, ७.५ सेंमी आहे. तेवढी मिळाली तर तीच घ्या.

गादी काढून आणि गादी ठेवून, दोन्ही तऱ्हेने तपासा. गादी दाबली जाते तेव्हा कठड्याखालची फट वाढते, म्हणून एक हात गादीवर दाबून धरून ठोकळा घाला.

खालच्या पलंगाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तिथून पडायची भीती नसते. पण लहान मुलं खेळतात ती तिथेच, आणि डोकं-पायाकडच्या फळ्यांमधून आरपार जायचा खेळ त्यांना फार आवडतो. तिथे नियम थोडा वेगळा आहे: जागा एकतर इतकी अरुंद हवी की धड जाणार नाही, किंवा इतकी मोठी, २३ सेंमीपेक्षा जास्त, की धड गेलं तर डोकंही सुटून बाहेर येईल. मधली मापं घातक. १५ सेंमीची नक्षीदार महिरप दिसायला सुंदर असते, ती अशा पलंगावर नको.

शिडी आणि पलंग यांच्यातली जागाही याच डोळ्यांनी बघा.

५. शिडी की जिना

शिडी पलंगाला पक्की जोडलेली असावी. पायऱ्यांमधलं अंतर सारखं असावं, साधारण २० ते ३० सेंमी. गोल नळीच्या पायऱ्या अनवाणी पायाला टोचतात आणि मोज्यांत घसरतात; चपट्या, थोड्या रुंद पायऱ्या बऱ्या. तिरकी शिडी उतरायला सोपी, सरळ उभी शिडी जागा वाचवते. कपाटासारखे खण असलेला जिना सर्वांत सोयीचा, पण धाकट्यासाठी तो खुलं आमंत्रण असतो आणि काढूनही ठेवता येत नाही.

शिडीकडे तोंड करून उतरायचं, पाठ करून नाही, हे मुलाला दिवसा करून घ्या. डोळे मिटूनही एकदा. शिडीजवळ रात्रीचा मंद दिवा हवा.

६. आता हलवून बघा

आता मजबुती. खांब धरून पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. करकर आवाज वेगळा आणि सांधा उघडणं वेगळं. सांध्याशी बोट ठेवून हलवलं की फरक कळतो. वरच्या गादीखालच्या पट्ट्या दोन्ही टोकांना स्क्रूने बसवलेल्या आहेत का? नुसत्या टेकवलेल्या असतील तर खालून लाथा मारणारं भावंड त्या सरकवतं, आणि मग वरचं मूल गादीसकट खाली येऊ शकतं.

पुस्तिकेत वरच्या पलंगाची वजनमर्यादा असते. ती बहुतेक वेळा एका मुलाला धरून असते. गोष्ट वाचायला वर चढणारे बाबा त्यात धरलेले असतीलच असं नाही. गोष्ट खालच्या पलंगावर वाचा.

जोडून झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी. पलंगासोबत आलेली चावी पलंगालाच कुठेतरी चिकटवून ठेवली तर हे काम होतं, नाहीतर होत नाही.

७. पलंगाला काहीही बांधू नका

दोरीउड्यांची दोरी, ओढणी, कमरेचा पट्टा, हेडफोनची वायर, मच्छरदाणीच्या नाड्या, शोभेच्या दिव्यांची माळ, दप्तराचे बंद. वरच्या कठड्याला यांतलं काही लटकत असेल तर त्याचा फास होऊ शकतो. तंबू किंवा किल्ला करायचा म्हणून चादर बांधणं मुलांना आवडतं. चादर कठड्यावर नुसती टाकू द्या, गाठ मारू देऊ नका. हुकही नकोत. गळ्यात दोरी असलेलं जॅकेट, मागे टोपी जोडलेला सदरा घालून वर झोपणं नको. या सूचना अतिरेकी वाटतील, पण इथे मी अजिबात सवलत देत नाही.

चिमट्याने लावायचे दिवे गादीपासून लांब ठेवा. तापणारा बल्ब पांघरुणाला टेकला तर आग लागू शकते.

८. जुना पलंग किंवा सुताराकडून करून घेतलेला

ओळखीतून आलेला जुना पलंग स्वस्त पडतो, पण अमेरिकेतले आजचे सक्तीचे नियम लागू झाले तेच २००० साली. त्याआधीच्या बऱ्याच पलंगांना एकाच बाजूला कठडा असायचा. जुना घेताना मूळ स्क्रू-बोल्ट आणि पुस्तिका मागा. 'दोन स्क्रू हरवलेत, कुठलेही चालतील' हे ऐकलं की थांबा. मॉडेल क्रमांक टाकून तो पलंग कंपनीने परत मागवलेला तर नाही ना, हे इंटरनेटवर शोधा. स्टिकर खरवडून काढलेलं असेल तर शोधायलाच काही राहत नाही.

सुताराकडून करून घेत असाल तर त्याला चित्र दाखवून 'असा हवा' म्हणू नका. मापं लिहून द्या: गादीची जाडी, गादीच्या वर १६ सेंमी कठडा, चारही बाजूंनी, कुठलीही फट ७.५ सेंमीपेक्षा मोठी नको, शिडीचं तोंड ४० सेंमीपर्यंत. कडा गोल घासून, खांबांची टोकं वर न काढता. वर आलेल्या खांबाच्या टोकाला कपडा अडकतो. चांगला सुतार मापांना नाही म्हणत नाही. म्हणाला तर सुतार बदला.

९. पहिल्या रात्री

नियम थोडेच ठेवा: वर एका वेळी एकच, वर मस्ती नाही, उडी नाही, उतरायचं शिडीनेच. पहिल्या आठवड्यात मूल मध्येच खाली येऊन तुमच्या खोलीत झोपलं तर येऊ द्या. ताप असेल, उलट्या होत असतील, हात-पाय प्लास्टरमध्ये असेल, त्या रात्री वर झोपणं नाही.

मूल पडलंच आणि डोक्याला मार लागला असेल, तर शुद्ध हरपणं, पुन्हा पुन्हा उलट्या, न उठणारी गुंगी, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, वाढत जाणारी डोकेदुखी यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात न्या. मान दुखत असेल तर मुलाला उचलू नका, हलवू नका, मदत बोलवा.

१०. पटत नसेल तर

तपासणीत एखादी गोष्ट बसली नाही की 'बाकी सगळं तर ठीक आहे' असं मन म्हणू लागतं. गादी जाड असेल तर गादी बदला. पंखा जवळ असेल तर जागा बदला. पण फट मोठी असेल किंवा मूल लहान असेल तर त्यावर तोडगा नाही. उशा कोंबून, फळी ठोकून, जाळी बांधून फट बुजवू नका. त्यातून नव्या फटी तयार होतात.

वय हीच एकमेव अडचण असेल तर वेगळे करता येणारे दोन पलंग घ्या. ते आत्ता शेजारी-शेजारी ठेवायचे आणि मुलं मोठी झाल्यावर एकावर एक चढवायचे. घेतानाच विचारा, की वेगळे केल्यावर दोन्हींना पाय आणि डोक्याकडची फळी उरते ना. जोडणीच्या खुंट्या, कठडे आणि शिडी पुस्तिकेसकट एका पिशवीत घालून, पिशवीवर पलंगाचं मॉडेल लिहून माळ्यावर टाका. जागाच नसेल तर खालून ओढून काढायचा पलंगही चालतो: दिवसा आत, रात्री बाहेर. ओढताना धाकट्याची बोटं सांभाळा.